टक्

जांबोटीच्या वर, आमच्या गवळीवाड्याभोवती
पाच पदरी तार आली ती मार्गशीर्षात.
त्याआधी दोन रेडकं गेली,
आणि मोरी, पहिलटकर व्हायची होती,
तिला ओढ्याच्या अलीकडंच टाकून गेला.

खानापूरहून मशीन आणलं बमूनं.
मागच्या सीटवर सोलरची काच, मांडीवर बॅटरी.
कंडक्टरनं बॅटरीचं अर्धं तिकीट फाडलं.
सोबतचा फलक कन्नडात,
खाली बमूनं डांबरानं मराठीत लिहिलं: हात लावू नये.
सासऱ्यांना दोन्ही वाचता येईनात.
त्यांनी हात लावला.
मटकन खाली बसले, मनगट चोळत म्हणाले,
"हे बरं हाय की. मारत न्हाई, सांगतंय."

म्हशींनाही सांगावं लागलं.
तारेला पेंडीचा गोळा बांधून
एकेकीला मीच जवळ नेली, दावं धरून.
ओलं नाक. झटका. ते डोळे.
त्या सांजेला चांदीनं मला आचळाला हात लावू दिला नाही.

अर्थिंगचं काम माझ्याकडं:
तांब्याची कांब, मीठ, कोळसा,
वर रोज एक कळशी.
चैतात झरा आटला तेव्हा
भांडी राखेनं कोरडीच घासली, कांब भिजवली.
घाणेरी तारेला टेकू द्यायची नाही.
दिवस मावळता हिरवी पात तारेवर ठेवायची,
बोटात मुंगी चावली की कवाड ओढायचं.
आणि मग रात्रभर
टक्
टक्
त्यावर झोप लागायची.

पल्याडच्या जानूनं थेट खांबावरून आकडा टाकला.
सकाळी तारेला एक भेकर,
आणि त्याचाच कुत्रा, शेपूट अजून वर.
सासरे बघून आले.
जेवले नाहीत.
"त्यानं सांगितलंच न्हाई," एवढंच.

जेठात वीज कोसळली, मशीन जळालं.
बसलिंग मेकॅनिक म्हणाला, आठ दिवस.

त्या आठ दिवसांत कवाड उघडं टाकलं तरी
रेडकं मेल्या तारेपासून चार हात लांब थांबत.
बाहेर चिखलात पंजे:
तारेकडेनं सरळ चालत आलेले,
कोपऱ्यातल्या खैराच्या खांबाशी थबकलेले,
मग माघारी, रानाकडं.
त्याला ठाऊक नव्हतं. म्हशींना नव्हतं.
ठाऊक होतं ते आम्हा चौघांनाच,
आणि डोळा लागत नव्हता तोही आमचाच.

चौथ्या रात्री अंधारात आवाज आला.
टक्.
मी धडपडून अंगणात आले.
सासरे मशीनच्या रिकाम्या खांबाला टेकून,
पुढ्यात डालड्याचा जुना डबा,
हातात दांडकं.
मोजून, श्वासाश्वासाला एक.
"कुणाला ऐकवताय?" विचारलं.
बोलले नाहीत, मोज चुकली असती.

पहाटेकडं त्यांची मान कलली.
दांडकं घसरायच्या आत
मी घेतलं.