विशेषण

संध्याकाळी वायरवर बातमी आली: काटोलच्या बागांवर टोळधाड.
इंग्रजीत तिच्यापुढे एकच शब्द. बिब्लिकल.
मी लिहिलं, "बायबलमधल्यासारखी".
खोडलं.
"महाभयंकर" लिहिलं. पण तो शब्द कालच
टमाट्याच्या भावासाठी वापरून झाला होता.

मुद्रितशोधक योएलकाका,
सदरला चर्चमागे घर, वडील पुस्तकं बांधायचे,
बोटांना अजून खळीचा वास येतो असं स्वतःच सांगतात,
चष्मा कपाळावर सारत म्हणाले,
"काऊन अडला बे?
त्या शब्दात देव नाही. बंदर आहे."

समुद्रकाठचं गाव. तिथून गलबतांत चढायचे
लव्हाळ्याच्या गराचे कागद.
घेणाऱ्यांनी कागदालाच गावाचं नाव दिलं
(असं म्हणतात, हे काकांनी न चुकता जोडलं).
कागदाचं नाव गुंडाळीला, गुंडाळीचं पुस्तकाला,
मग बारकी बारकी पुस्तकं, अनेकवचनी,
आणि पुढे लॅटिनवाल्यांच्या कानाला ते
एकवचन वाटलं. एकच पुस्तक.
"एवढी चूक माझ्या हातून सुटली असती
तर पगार कापला असता."

हसले. मग पंख्याकडे बघत,
"आपलं तरी काय वेगळं?
परमुलखात हातगाडीवाला ओरडतो, नागपुरी, नागपुरी!
कोणी विचारतं का, नागपुरी काय म्हणून?
गाव सोलतात, बिया थुंकतात."

तेवढ्यात काटोलच्या वार्ताहराचा फोन.
मागे थाळ्या, डबे, कुठेतरी ट्रॅक्टरचा हॉर्न.
"किती आहेत रे? आकडा दे."
"आकडा काय देऊ? ऐकून घे ना," म्हणाला,
आणि फोन हवेत धरला.

थाळ्यांच्या खालून ते आलं.
कुणी न वाचताच
भराभर उलटत चाललंय असं काहीतरी.
काकांना ऐकवावं म्हणून मी फोन पुढे केला.
त्यांनी ऐकलं. परत दिला.
एकदम त्यांना आठवलं की चहा राहिलाय.

नऊला मथळा गेला: काटोलवर टोळ.
विशेषणाची जागा मोकळीच राहिली.
पान लावणाऱ्या प्रांजलीनं कुरकुर केली,
मग संत्र्याच्या झाडाचा फोटो
दोन सेंटिमीटर वाढवून भोक बुजवलं.

झाडावर पान नव्हतं.