शिल्लक

रविवार. खाली कोपऱ्यावर
पोह्यांच्या परातीखाली केव्हाची वाफ धरलीय
आणि तिसऱ्या मजल्यावर बाबा रुसलेत.
डॉक्टर पोरवालांनी शेव बंद केली.
शेवेशिवाय पोहे म्हणजे, ते म्हणतात,
कोरं पाकीट: वर पत्ता, आत काही नाही.
"मग सासिज कर."
सासिज. असंच म्हणतात ते,
महूच्या मेसमध्ये एकतीस वर्षं भांडार सांभाळल्यापासून.

छावणीतून कोंबडीच्या छातीचं मांस आणलं.
"दीदी, मशीनमधून काढून देऊ?" इद्रिस म्हणाला.
नको. मशीन त्याचा चिखल करते.
घरी पाटावर सुरीनेच,
आधी आडवं, मग उभं, मग पुन्हा आडवं,
तेवढ्यात वरून बांडीकाकूंचा फोन:
"क्या कूट रही हो, शर्वाणी?"
"दुधी," म्हटलं.
अगदीच खोटं नव्हतं. दुधी होताच शेजारी,
आपल्या पाळीची वाट बघत.

दुधी किसला की रडतो.
पंचात बांधून पिळला, दोनदा,
मनगटात कळ येईपर्यंत.
तरी थेंब सोडतच होता, माहेरून निघालेल्या मुलीसारखा.
ते हिरवट पाणी झाकून ठेवलं, संध्याकाळच्या कणकेला.
गाजराने त्रास दिला नाही.
सिमला मिरची इतकी बारीक चिरली
की बाबांना संशय यावा, पुरावा मिळू नये.
पावाच्या जागी ओट्सची भरड,
मिरी, आलं, बडीशेप, दोन फटके जायफळ.
मीठ चिमूटभर.
चिमूट डॉक्टरांची, माझी नाही.

बाबा स्टूल ओढून ओट्याशी बसले, तपासणीला.
"त्यात एक पान असायचं."
"कसलं?"
"डिमेलो चुरडायचा. राखाडी.
मांजरीच्या कानासारखी लव होती त्याला."
"नाव काय?"
"रजिस्टरात नव्हतं. तो मागच्या अंगणात लावायचा."

गॅलरीतल्या पानओव्याची चार पानं तोडली.
लव आहे. राखाडी नाही.
चालवून घ्या, म्हटलं.

अर्धा तास फ्रिजमध्ये.
मग ओल्या तळव्यावर थापून सहा टिक्क्या,
मधोमध अंगठ्याचा खळगा, म्हणजे फुगत नाहीत.
लोखंडी तवा, एक चमचा तेल.
पहिली मी घाईने उलटली. फाटली.
बाकीच्यांच्या वाटेला गेलेच नाही,
त्यांनी स्वतःहून तवा सोडला तेव्हाच कालथा लावला.
फाटलेली उभ्याउभ्या खाल्ली.
मीठ कमी, आणि तरीही चांगली.

बाबांनी पहिला घास बराच वेळ चावला.
नवी कवळी.
"जुळली का चव?"
"मला काय माहीत?"
"म्हणजे?"
"मी कुठे खाल्लंय कधी?
मी मांस तोलून द्यायचो. सव्वाबारा किलो, खाली सही.
तोळाभर कमी भरलं तर माझ्या पगारातून.
साहेबलोक खायचे.
वास तेवढा यायचा, रोज सकाळी सातला.
वासाला सही लागत नव्हती."

मी गॅस बंद केला. काय बोलायचं सुचेना,
म्हणून विचारलं, "मग वास?"
ते उठले, हळूच, गुडघा धरून,
तव्यावर वाकले, डोळे मिटून.
"निम्मा," म्हणाले.
"पण पान हेच ठेव."

दुसरी घेतली. तिसरीवर जिरावण भुरभुरलं,
डॉक्टरांनी त्याचं नाव घेतलं नव्हतं
असा त्यांचा दावा.
वरची खिडकी आधी लागली, मग जराशी उघडली.
फोन वाजत राहिला.

बाबांनी चष्मा शोधला,
औषधांच्या चिठ्ठीच्या पाठीवर, सरळ रेघ मारून:
तयार नग सहा.
नासधूस एक.
खर्च तीन.
शिल्लक दोन, उद्या सकाळसाठी राखीव.
आणि खाली,
एकवीस वर्षांनी,
पूर्ण सही.