कुड

आमच्या दाराची आता खिडकी झालीय.
दार तेच आहे, जमीन वर आली.
कार्सोनोनं तीनदा भराव घातला,
चौथ्यांदा छप्पर डोक्याला लागलं.
तेव्हापासून आम्ही घरात वाकून शिरतो.
पाहुण्यांना वाटतं,
जावातली माणसं फार अदबशीर.

तिवरं आम्हीच तोडली, कोळंबीच्या तळ्यांसाठी.
कुणी विचारलं तर सांगते,
न विचारताही सांगते.
सात वर्षं पैसा आला.
कानातलं त्यातलंच.

मग नकाशे घेऊन साहेब आले.
पलीकडच्या गावाला भिंत मिळाली,
सहा मीटर उंच, वर रस्ता, रस्त्यावर दिवे.
माझा धाकटा, रोखिम, तिथं सळया बांधतो.
भिंतीवर थडकलेली लाट रिकाम्या हाती परतत नाही,
पायथ्याची माती नेते
आणि उरलेला राग आमच्या अंगणात काढते.
पण त्या गावात लोक रात्री झोपतात.
तेही खरंच.

आम्हाला बांबू मिळाले.
मेढींच्या दोन रांगा, मध्ये काट्याकुट्या, वरून जाळं.
कुडच म्हणा,
कोंबडीसुद्धा अडायची नाही असला.
पाणी आत येतं, बाहेर जातं,
येताना चिमूटभर गाळ आणतं
आणि जाताना विसरतं.
समुद्राच्या विसरभोळेपणावर
आम्ही गाव ठेवलंय.

किडा मात्र काही विसरत नाही,
वर्षाच्या आत बांबू पोखरतो. दोरी त्याआधीच कुजते.
मग पुन्हा छातीभर पाण्यात आम्ही अकरा बायका,
आणि काठावरून मोजणारा एक कारकून.
शहरातले कारखाने खालचं पाणी उपसतात,
जमीनच खचते आहे म्हणतात.
त्याला भिंत काय करणार,
कुड तरी काय करणार?

परवा रोखिम घरी आला,
खिसे जड, चेहरा चोराचा.
भिंतीच्या कामावरची तार.
मी रागावले.
मग दोघांनी मिळून उत्तरेकडची रांग
त्याच तारेनं आवळली.

काल ओहोटीला कुडामागे उतरले,
गाळ घोट्याला लागला.
कार्सोनोच्या कबरीवर अजून गुडघाभर पाणी.
घोट्यापासून गुडघ्यापर्यंत
किती वर्षं असतात,
ते साहेबांना विचारायचं राहूनच गेलं.