रकाना पाचवा

दुसऱ्या शनिवारी, साडेचारला,
राजारामपुरीत पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
आम्हा धंदेवाल्या बायकांची सभा असते.
खाली जातं फिरू लागलं की टेबल थरथरतं,
चहा बशीत उतरतो
आणि अध्यक्षीणबाईंचं भाषण आपोआप आटपतं.

वर्गणी सहाशे. रोख. पावती लगेच.
चिटणीस मी.
म्हणजे टाचण्या, खोलीची किल्ली
आणि उशिरा येणाऱ्यांची बोलणी माझ्याकडे.

त्या दिवशी सुभाषनगरातून शालन सातपुते आली,
पिशवीत नमुन्याचे तीन जोड,
वेणीचे, करकर वाजणारे.
अर्ज भरायला बसली.
आरी धरणाऱ्या हाताचं अक्षर, घट्ट, एकसारख्या टाक्यांचं.
नाव, पत्ता, व्यवसाय, कामगार किती,
आणि पाचव्या रकान्यात पेन थांबलं:
मालकाचे नाव.

"मालक तर गेले की ओ," म्हणाली,
"येत्या आखाडात चार वर्षं हुतील."

नेमकी तेव्हाच खालची वीज गेली.
एवढी शांतता त्या खोलीला सोसत नाही.

हुपरीची विमल गाट, पैंजणांना डाक देणारी,
हळूच म्हणाली, "ते मालक न्हवं बाई. दुकानाचा मालक."
"त्येच की. दुकान त्येंच्याच नावावर हाय."

मग आवाज चढले.
मालकीण छापा, कुणी म्हणालं.
जैबुन बागवान उठली, नखांत अजून मिरचीपूड:
"मालकीण म्हंजे मालकाची बायको.
माझ्याकडं चटणी कांडायला नऊजणी येतात.
कामावर कुणी ठेवलं विचारा, मालकीणबाईंनी म्हणतील.
पगार कोण देतं? मालक.
मालक शनवारी दुकानात येतात ते
माझ्याकडनं पेट्रोलचे पैसे न्यायला."

हसलो. पण सगळ्याच नाही हसल्या.

खजिनदार घेवारीकाकू हिशेबाची वही न मिटताच बोलल्या:
नवे अर्ज छापायला चौदाशे.
जुने साडेतीनशे पडून आहेत.
आधी ते संपवा, मग व्याकरण बघू.

ठराव क्रमांक सात: विषय पुढील सभेपुढे ठेवावा.
मीच लिहिला, मीच सही केली.

शालननं रकाना कोराच ठेवला.
सहाशे रुपये मोजले, दहा-विसाच्या नोटा, कातड्याच्या वासाच्या.
जाताना अध्यक्षीणबाईंच्या पायांत एक जोड बसवून बघितला.
"चावतोय गं."
"चावणारच. नवा हाय.
तेल लावून घालत ऱ्हावा, मग तुमच्या पायाचा हुतोय."

सोमवारी उद्यमनगर बंद.
मंगळवारी फाटक उघडताना मान वर केली.
मगदूम बंधू इंजिनिअरिंग.
बंधूंपैकी एक पुण्यात, एक फोटोत.
सात वर्षं ही पाटी
मी डोक्यावरनं नेतेय, पदरासारखी,
आणि एकदाही वाचली नव्हती.

अकराच्या सुमारास सळईवाल्याचा नवा पोरगा आला,
हातात बिल, पाय उंबऱ्याबाहेर.
"ताई, मालक हायत काय?"
चिंधीला हात पुसले. ऑईल काही निघत नाही.
"बोला," म्हटलं.

तो माझ्या खांद्यावरून आत बघत राहिला.
आत लेथ मशीन एकटंच फिरत होतं.