सात सेकंद, सर्वसाधारण

वरळीच्या केंद्रात, टेपा ठेवायच्या थंड खोलीत
माझी सत्तावीस वर्षं गेली.
मे महिन्यातसुद्धा स्वेटर.
नोंदवहीतलं अक्षर माझं, वळणदार;
साहेब लोक पाहुण्यांना उघडून दाखवायचे.

टेप चारशे अकरा.
माझगाव, मशिदीच्या पायऱ्या, शुक्रवार दुपार.
त्या दिवशी काही घडलं नव्हतं,
म्हणून बातमी गेली नाही
आणि टेप माझ्याकडे आली.
वर्णनाच्या रकान्यात काय लिहू, विचारलं
तर जिना उतरता उतरता वार्ताहर म्हणाला,
लिहा काहीतरी.
मी लिहिलं :
तणाव. अल्पसंख्याक वस्ती. सर्वसाधारण.

टेपमध्ये एक माणूस आहे.
पन्नाशीचा, जाळीची टोपी, खिशाला दोन पेनं.
पायऱ्या उतरतो, थांबतो,
कपाळाला आठ्या घालून थेट आपल्याकडे बघतो,
हात वर करतो.
सात सेकंद.

हा हात फार चालला.
दंगलीचा अहवाल आला, हा हात.
कुठल्याशा लांबच्या जिल्ह्यात पोलिओचा डोस नाकारला,
हा हात.
लोकसंख्या, तलाक, सीमेवरची अटक,
मतं एकगठ्ठा की विखुरलेली,
हाच उतरायचा, थांबायचा, बघायचा.
ईदला वेगळी टेप. गळाभेट, शेवया, झालरीच्या फ्रॉकमधली मुलगी.
तीही माझ्याच अक्षरात : सद्भाव. सर्वसाधारण.
वर्षातून दोन दिवस ती, बाकी वर्षभर तो.
खोटं कुणी बोललं नाही हो.
निवेदिकेचा आवाज तर असा मऊ
की तापलेल्या पोरालाही झोप लागावी.
माणसाचं नाव तेवढं कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

निवृत्तीला चार महिने होते, तेव्हा तहूरा हुर्झुक आली.
अर्ज मराठीत, शुद्धलेखन माझ्याहून बरं.
प्रयोजन : वडिलांना पाहणे.

फोटो आहेत, म्हणाली. चालताना नाहीत.
इसहाक हुर्झुक, बेस्टमध्ये मीटर वाचायचे.
परळ-लालबागचे सगळे अंधारे जिने पाठ.
एक पेन लिहायला, एक ते अडलं तर.
टीव्हीवर दिसले की अम्मी ओरडायची, आले, आले!
पोळपाट टाकून सगळे धावत यायचो.
बातमी कसली, कोण ऐकतंय.
ते स्वतः लाजून गॅलरीत जाऊन उभे राहायचे.
पुढे आम्ही ऐकायला लागलो.
ते गेल्यावर अम्मी टीव्ही बंद करायची.
पण सात सेकंद झाल्यावर.

टेप लावली.
इतकी वर्षं आवाज काढूनच द्यायचो,
वर निवेदन चढवायला सोपं जातं.
त्या दिवशी बटण तसंच राहिलं.
कबुतरं फडफडली. एक हातगाडी गेली.
तो माणूस उतरला, थांबला, आठ्या,
हात वर,
आणि कोकणातल्या हेलात म्हणाला,
अहो कॅमेरावाले, मागे पायरी आहे. सांभाळा.

चित्र जरासं हललं.
पायरी होती.

तहूरानं पुन्हा लावायला सांगितलं.
मग पुन्हा.
चौथ्यांदा तिनं डोळे मिटले, नुसतं ऐकलं.
मी शुल्काची पावती फाडत होतो,
ती नीट फाटेना.

वहीतला शब्द मी खोडला नाही.
सरकारी वहीत खाडाखोड चालत नाही,
हे मीच नव्या पोरांना शिकवायचो.

आज रात्री साडेनऊला तो पुन्हा आला.
मतदार यादीबद्दल काहीतरी होतं.
स्वयंपाकघराच्या दारात बायको लसूण सोलत होती.
हात वर झाला
आणि मी मोठ्यानं म्हणालो,
मागे पायरी आहे.

तिनं दचकून मागे पाहिलं.
कुठली पायरी? म्हणाली.