सुकाणू

वीस वर्षं मी सुकाणू लिहीत आलो,
संसाराचं, राष्ट्राचं,
एकदा तर मनाचंसुद्धा.
कोश म्हणतो, शब्द अरबी.
गलबतांबरोबर आला आणि इथलाच झाला.

हर्णैच्या जेटीवर इस्माईल होडेकरांनी विचारलं,
"तुमच्या कवितेतलं कुठल्या लाकडाचं असतं?"

मला सांगता येईना.

त्यांनी मनगट धरून खाली नेलं,
ओहोटीत कलंडलेल्या मचव्याच्या बुडाशी.
चाचपलं.
ओलं, बुळबुळीत, कालवांची टरफलं चिकटलेली.
बोट कापलं.

नांगराबद्दल विचारायचं टाळलं.
तो आमच्या देशावर जमीन फाडतो,
इथं तीच गच्च धरून बसतो;
दोन घरचं ओझं एकाच नावावर,
माहेरी-सासरी पुरून उरणाऱ्या
आमच्या कृष्णाआत्येसारखं.

उठताना म्हणालो, "वेळ झाली."
"कुठं? पाणी चढायला अवकाश आहे अजून."
जुन्या पोथ्यांत वेळ म्हणजे भरती, वेळ म्हणजे काठही.
मी ते वाचलं होतं.
त्यांनी घड्याळाकडे पाहिलंच नाही.

आणि लाकूड?
"ऐनाचं," ते म्हणाले.
"ऐन वेळी दगा देत नाही."

वहीवर रक्ताचा ठिपका पडला होता.
त्याच्या शेजारी लिहिलं: ऐन.