दीड लाखाची कात्री

बुखाऱ्यात, सराफांच्या घुमटाखाली
करकोच्याच्या आकाराची ती कात्री होती.
लांब चोच म्हणजे पाती,
आणि पोटात बोटं घालायची.
बाईनं कॅल्क्युलेटर पुढे केला: दीड लाख.
सोम असले तरी लाख ते लाखच,
छातीत एकदा धस्स होतंच.

मी सत्तर हजार दाबले.
शेजारणीच्या कडेवरून आपलं रडकं पोर घ्यावं
तसा तिनं कॅल्क्युलेटर परत घेतला.
एक लाख चाळीस.

मागे सुधन्वा, नेहमीसारखा
आपण हिच्याबरोबर नाहीच असा उभा.
ओठ न हलवता मी त्याला म्हटलं,
"किंमत फार सांगतेय."
सबंध सहलीत मराठी ही आमची तिजोरी होती,
टॅक्सीवाल्यासमोर, गाइडसमोर
आम्ही ती बिनधास्त उघडायचो.

"किम्मत?" बाई ताडकन उठली.
शेजारचा टोपीवाला पोरगा हसत म्हणाला,
आमच्यात किम्मत म्हणजे महाग.
सानोबार-ओपा महाग देत नाही.
मग ओपाला चेवच आला.
बोझोर, ती म्हणाली. दुकोन. हिसोब.
सगळे आ-कार ओ-कडे कललेले.
फोयदा म्हणताना रिकामा तळहात दाखवला.
कात्री उचलून: कैची!
आणि शेवटी माझ्यावर बोट रोखून, इन्सोफ.

आता काय कप्पाळ घासाघीस करणार?
पण केली.
ब्लाउजच्या शिलाईत गिऱ्हाइकं
माझे वीस-वीस रुपये कापतात,
ते कुठंतरी वसूल व्हायला नकोत?

एक लाख दहावर ती म्हणाली, "रोझी?"
राजी, मी म्हटलं.
सुधन्वानं मनातल्या मनात हिशोब केला:
पाऊण तास गेला, अडीचशे-पावणेतीनशे वाचले.

नोटा तिनं मोजल्या नाहीत.
कपाळाला लावल्या,
आणि मांडलेल्या एकेका कात्रीवरून, चाकूवरून
हळूच फिरवल्या, धूळ झटकावी तशा.

दहा वाजून गेले होते.

पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे
मी मशीनच्या चाकाला टेकवते. अगदी तश्शा.
म्हणजे भवानीलाच मी...

दुकानाला दुकोन म्हणत होती ती, कैचीला कैची.
भवानीला काय म्हणते
ते विचारायचं राहिलं.
करकोचा वर्तमानपत्रात गुंडाळून
तिनं माझ्या हातात दिला,
चोच स्वतःकडे करून.